लायब्ररीत पुस्तकं लावायचा संच : पट्ट्या घ्या, बाकीचं राहू द्या

परळच्या एका मराठी शाळेत मी लायब्ररी सांभाळते. मदतीला शिपाई नाही, त्यामुळे परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं काम सातवी-आठवीच्या मुलांकडे आणि त्यांना ते शिकवायचं माझ्याकडे. त्यासाठी यंदा शाळा उघडताना अब्दुल रहमान स्ट्रीटवरून एक तयार संच आणला. पावणेनऊशे रुपये. आत प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या, पुस्तकाच्या स्पाइनवर, म्हणजे कण्यावर, चिकटवायची लेबलं, त्यावरून लावायचा पारदर्शक टेप, अक्षरांचा तक्ता आणि सरावाची कार्डं.

पट्ट्यांना पैकीच्या पैकी मार्क. फूटपट्टीहून जरा रुंद, कडा गुळगुळीत, टोकाला नंबर छापलेला. पाचवीच्या मुलांनी पुस्तक काढलं की त्या फटीत आपल्या नंबरची पट्टी सरकवायची. पुस्तक नको असेल तर पट्टी असेल तिथेच ते परत जातं. आठवीच्यांना मी ती उलटी वापरायला लावते. पुस्तक लावून झालं की शेजारी पट्टी तशीच बाहेर डोकावू द्यायची. मी नंतर फेरी मारते. बरोबर असेल तर पट्टी काढून घेते, चुकलं असेल तर हात न लावता ज्याचा नंबर त्याला बोलावते. कोणाचं कुठे अडतंय ते चारचौघांत न बोलता कळतं. पट्ट्यांनी तलवारबाजी होते, ती होणारच. अजून एकही मोडलेली नाही, यावरून माल कसा आहे ते समजा.

सरावाची कार्डं फारच सोपी. ५१०, ५२०, ५३० हे कोणीही ओळीने लावेल. विषयावरून पुस्तकाला आकडा, म्हणजे वर्गांक, द्यायची ही ड्यूईची पद्धत १८७६ मध्ये आली आणि आज जगभर चालते, पण तिच्यातली खरी गोची टिंबाच्या पुढे आहे आणि तिथलं एकही कार्ड संचात नाही. आमच्या खेळांच्या कप्प्यात फुटबॉल ७९६.३३४, क्रिकेट ७९६.३५८, आणि कुस्ती-कराट्याला आम्ही आखूडच ७९६.८ देतो. मुलं वाचतात ‘पॉइंट तीनशे अठ्ठावन्न’. मग आठ लहान, तीनशे अठ्ठावन्न मोठे, आणि कुस्ती जाऊन बसते फुटबॉलच्याही आधी. गणितात दशांश शिकलेली मुलंसुद्धा इथे फसतात. म्हणून कार्डांच्या कोऱ्या बाजूला मी स्केचपेनने आमचेच वर्गांक लिहिले. टिंबाखाली टिंब येईल असं मांडायचं, ‘तीन, पाच, आठ’ असं सुटं वाचायचं आणि डावीकडून एकेक आकडा ताडून बघायचा. तिनापेक्षा आठ मोठा, तिथेच निकाल. आठवीतल्या एकाने तर मलाच समजावलं, “बाई, आठाच्या पुढे दोन शून्यं धरा ना, आठशे होतात!” आता नव्या मुलांना मी तसंच सांगते.

लेबलं मात्र आमच्या कामाची नाहीत. आमची बरीचशी बालपुस्तकं बत्तीस पानी, मधे दोन पिना मारलेली. त्यांना स्पाइन असा नसतोच. इंचभर रुंद लेबल दुमडून अर्धं पुढे, अर्धं मागे जातं आणि वर्गांकाचे मधले आकडे घडीत सापडतात. अशा पुस्तकांना मी साधा कागद मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात डकवते आणि ती रॅकऐवजी खोक्यात उभी ठेवते, म्हणजे मुलांना पुढून चाळता येतात. टेपने तर जुलैच्या दमट हवेतच राम म्हटला. कडा सुटल्या, त्यांना धूळ बसली, आणि एक टेप शेजारच्या पुस्तकाला चिकटून त्याचं कव्हरच सोलून निघालं. मुंबईत विकायच्या टेपला पावसाळा माहीत असायला हवा, एवढीच अपेक्षा होती.

देवनागरी तक्ता बघून आधी खूश झाले होते. नीट पाहिलं तर हिंदी वर्णमालेवरून उचललेला, त्यात ‘ळ’च नाही! कथा-कादंबऱ्या आम्ही लेखकाच्या आडनावाने लावतो. ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, म्हणजे कालेलकर, काशीकर, मग काळसेकर, काळे. तक्त्यात तो सापडेना, म्हणून मुलांनी काळ्यांना कालेलकरांना खेटून बसवलं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तक्त्यात शेवटी आहेत. शब्दकोशात ते ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात सापडतात, पण शाळेच्या लायब्ररीत शेवटीच असू द्यावेत असं माझं मत आहे. मुलांना पाठ तसंच असतं, उगाच क्षीरसागरांना शोधायला दोन ठिकाणी का धावायचं?

पट्ट्या त्याच गल्लीत डझनाच्या भावाने सुट्याही मिळतात. पुढच्या खेपेला तेवढ्याच आणणार आहे. पक्कं बिल शाळेच्या नावाने मागून घ्या. कच्च्या पावतीवर ऑफिसातून पैसे निघत नाहीत.