एफएम ट्रान्समीटर की ब्लूटूथ स्टिरिओ?

जुन्या गाडीत अजून कॅसेटचा डेक असेल आणि फोनवरची गाणी ऐकायची असतील, तर स्वस्त वाट एफएम ट्रान्समीटरची. तो फोनवरचं गाणं रिकाम्या एफएम फ्रिक्वेन्सीवरून गाडीच्या रेडिओला पाठवतो. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचला की झालं. पण मुंबईत ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये रिकामी जागा शोधणं म्हणजे संध्याकाळच्या लोकलमध्ये खिडकी मिळवणं. ऐन आलापात शेजारच्या स्टेशनची जाहिरात घुसते. शिवाय १५ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अगदी उंच पट्टीतला आवाज एफएमवर येतच नाही. गाडी वर्षभरात विकायची असेल, तर चालेल.

नाहीतर सरळ सिंगल डिन (डॅशबोर्डमधल्या साध्या डेकच्या ठरलेल्या मापाचा) ब्लूटूथ स्टिरिओ घ्या. खर्च जास्त, मजुरी वेगळी. पण खरखर नाही. खोक्यावरच्या ‘४ × ५० वॉट’ला भुलू नका, प्रत्यक्षात चॅनलमागे, म्हणजे दर स्पीकरला, १५-२०च मिळतात. आणि मेकॅनिकला मूळ वायर कापू देऊ नका, कपलर (वायरी न कापता जोडणारा प्लग) लावायला सांगा.