सारंगखेड्याजवळची पागा: आमच्या पारूचे ४५ दिवस

या पागेला पाटी नाही. शहाद्याहून सारंगखेड्याकडे निघालं की गाव यायच्या आधी पपईच्या दोन बागांमधून तापीच्या अंगाला एक शिवाररस्ता उतरतो. त्याच्या टोकाला कडुनिंबाखाली पाच-सहा घोडी बांधलेली दिसतात, तीच ही पागा. चालवणारे चाबुकस्वार, म्हणजे घोडी शिकवणारे, साठीच्या पुढचे आहेत आणि आल्यागेल्या सगळ्यांचे मामा आहेत. आमची घोडी पारू मार्च-एप्रिलमध्ये तिथे ४५ दिवस शिकायला होती, आणि दर रविवारी पहाटे मीही होते.

आधी पारूबद्दल सांगायला हवं. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या जत्रेत आम्ही तिला घेतलं. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं आणि मग यांच्यासोबत मी दोन दिवस घोडेबाजारात फिरले. राजस्थान, गुजरात, पंजाबकडून आलेले व्यापारी, काठियावाडी घोडी, उंच पांढरीशुभ्र नुकरी. पारू मारवाडी आहे, रंगाने कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर चांद, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारी. व्यापाऱ्याने हलगी वाजवायला लावली आणि तिने पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने असे उचलले की भोवती गर्दी जमली. लगामाला शेंदरी गोंडे होते. आम्ही गोंडे बघितले. तोंडात जाणाऱ्या कडीवरचे खिळे बघायचं आमच्या ध्यानातच आलं नाही.

घरी आल्यावर नुसता लगाम हातात घेतला तरी ती मान आभाळाकडे करायची आणि मागे मागे सरकायची. फेब्रुवारीत एकदा ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि यांचा खांदा निखळता निखळता वाचला. गल्लीतल्या जाणत्यांचं मत पडलं की घोडी मस्तावली आहे, दाणा तोडा. एकाने याहून कडक लगाम आणून देतो म्हटलं. माझे आजोबा घोडीवरून शेतात जायचे, लहानपणी मी त्यांच्यापुढे बसलेली आहे. त्यांच्या घोडीच्या डोळ्यांत अशी भीती मी कधी पाहिली नव्हती, म्हणून तो लगाम मी घरात येऊ दिला नाही.

मामांनी पहिल्या दिवशी पारूवर स्वारी केलीच नाही. बराच वेळ ते तिच्या खांद्याशी उभे राहिले. मग ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा घालून तोंड उघडलं आणि मला जवळ बोलावलं. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये रिकामी हिरडी असते, लगामाची कडी तिथेच टेकते. पारूच्या त्या हिरडीवर दोन्ही बाजूंना घट्टे पडले होते आणि ओठाचा एक कोपरा फाटून भरून आलेला होता. मामा अहिराणीतच बोलतात. म्हणाले, "हिना तोंडमा काटा व्हता, ताई. हिले दुखस, म्हनीसन हाई वर उठस."

घोड्याला ठेक्यावर नाचवण्यासाठी असा काटेरी लगाम वापरला जातो. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे केंद्राचे नियम झाले, त्यात काटेरी लगामाला सरळ मनाई आहे. मी १९ वर्षं शाळेत शिकवते, वाचन बऱ्यापैकी आहे, तरी हे मला पारू घरात आल्यावर कळलं याचं वाईट वाटतं.

पहिले १२ दिवस तिच्या तोंडात काहीही घातलं नाही. फक्त डोक्याला बाहेरून बांधायची मोहरकी, लांब दोरी आणि गोल रिंगण. मामा दोरीला हलका ताण देत. पारूने त्यांच्याकडे अर्धं पाऊल जरी टाकलं तरी ताण त्याच क्षणी गायब व्हायचा. बास, एवढंच. पहिल्या रविवारी मला वाटलं, यात शिकवणं कुठे आहे? तिसऱ्या रविवारी ती मामांच्या खांद्याच्या नुसत्या वळण्यावर थांबत होती. ताण दिल्याने घोडं शिकत नाही, ताण सुटतो त्या क्षणी शिकतं, हे मामांचं सगळं शास्त्र. उशिरा सोडलं तर त्याला आपण काय बरोबर केलं ते कळतच नाही.

यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. लगामाची कडी त्यांनी स्वतःच्या दोन्ही मुठींत धरली, वाद्या माझ्या हातात दिल्या आणि मला डोळे मिटायला सांगितले. ते घोडीचं तोंड झाले. कधी ओढायचे, कधी सैल पडायचे, आणि ते सैल पडले की मीही लगेच सैल पडायचं. "उशीर व्हयना," म्हणजे उशीर झाला, असं ते म्हणायचे. पुन्हा. "उशीर व्हयना." अर्धा तास हेच चाललं. माझ्या मनगटात इतका ताठरपणा आहे हे मला माहीतच नव्हतं. मग त्यांनी जागा बदलली, कडी माझ्या मुठीत आणि वाद्या त्यांच्याकडे, आणि काही न सांगता एक झटका दिला. कडी साधीच होती, काटा नव्हता, तरी बोटांची हाडं झिणझिणली. माझ्या हाताच्या जागी पारूची हिरडी आहे असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

पारूला नवा लगाम मिळाला तो गुळगुळीत, मध्ये सांधा असलेला, पहिले काही दिवस गूळ चोळून. एका सकाळी तिने स्वतःहून तोंड उघडलं. मी तिथे होते.

स्वारी शिकवण्यात मामा तितकेच कडक आहेत. आधी फक्त चाल आणि थांबणं, मग दुडकी. दुडकीत घोड्याचे तिरके पाय जोडीने पडतात, दोन ठोके, आणि रिंगणात बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाताना खोगिरातून उठायचं, तो टेकताना बसायचं. खाली बघायचं नाही, पाय अंगाने ओळखायचा. मला हे जमायला तीन रविवार लागले. मारवाडी घोड्यांची ती प्रसिद्ध रेवाल चाल, पाणी डचमळणार नाही अशी, पारूच्या अंगात आहे, पण मामांनी ती मला मागूही दिली नाही. तोल पक्का झाल्याशिवाय नाही. शेचाळिसाव्या वर्षी एक बाई घोडी शिकायला येते याबद्दल त्यांच्या तोंडून एक अवाक्षर निघालं नाही, आणि कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांच्या तोंडूनही त्यांनी ते निघू दिलं नाही.

आमचं खोगीर त्यांनी नापास केलं. स्वारीनंतर ते उतरवून त्यांनी मला पारूची पाठ दाखवली. सगळी घामाने भिजलेली, आणि मानेच्या मुळाशी उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दोन कोरडे डाग. घाम आला नाही ती जागा दाबली जाते आहे, असंच चालू राहिलं तर तिथे पांढरे केस येतील, असं ते म्हणाले. दुसरं खोगीर घ्यायला आम्हाला ₹९,५०० पडले, पण मामांनी स्वतः विकलं नाही. कसं पारखायचं ते सांगितलं आणि आम्हाला बाजारात पाठवलं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी अशी की दुसऱ्या आठवड्यात पारूचा दाणा एकदम बदलला. आमच्याकडे ती बाजरी आणि कडबा खायची, तिथे एका दिवसात भिजवलेला हरभरा आणि हिरवा चारा. रात्री पोट धरलं. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात अडकलेलं जीवावर बेतू शकतं. मामांनी डॉक्टर बोलावले, रात्रभर तिला फिरवलं, सगळं नीट केलं, पण आम्हाला कळवलं दुसऱ्या दिवशी दुपारी. मी खूप चिडले. त्यांनी चूक कबूल केली आणि त्यानंतर मी दिलेल्या वहीत रोजचा दाणा-पाणी लिहून ठेवलं. तुम्ही घोडं टाकलंत तर घरचा आठ-दहा दिवसांचा दाणा सोबत द्या आणि बदल हळूहळू करायला सांगा.

दुसरं, शिकणाऱ्यासाठी हेल्मेट नाही. मी माझं नेलं. लहान पोरं तिथे उघड्या डोक्याने बसतात, हे मला अजिबात पटत नाही आणि मी ते तोंडावर सांगून आले आहे. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. फोन क्वचितच उचलतात. बिल म्हणजे वहीच्या पानावरची बेरीज, पण ती बरोबर असते: महिन्याला ₹१२,०००, दाणा-चारा वेगळा, नालबंदी वेगळी.

लग्नात नाचणारी घोडी हवी असेल तर इथे जाऊ नका, मामा परत पाठवतील. आठ दिवसांत काम हवं असणाऱ्यांनीही जाऊ नये. मालकाला स्वतः यायला वेळ नसेल तर ते घोडं ठेवूनच घेत नाहीत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मी पारूवरून शेताकडे निघाले होते. माहेरी आलेल्या पोरींचे झोके निंबाला बांधलेले होते, आणि वळणावर अचानक डफ सुरू झाला. तिचे कान उभे राहिले, मान वर गेली, पुढचा एक पाय उचलला गेला. माझ्या हाताने आधी ओढलंच असतं. मी वाद्या सोडल्या. तिने तो पाय खाली टेकवला, एक लांब श्वास सोडला आणि चालायला लागली.

पावसाळ्यात तो शिवाररस्ता चिखलाचा होतो, तेव्हा मामा नवीन घोडी घेत नाहीत. दसऱ्यानंतर आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत, रेवाल शिकायला.