१९६६ च्या एमजीबीत पाचवा गिअर : नऊ महिने, सहा हजार किलोमीटर

आधी गाडीची ओळख, म्हणजे पुढचं सगळं कशाच्या संदर्भात बोलतेय ते कळेल. १९६६ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या छताची, दोन माणसांची. इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.९. मूळचा गिअरबॉक्स चार गिअरचा आणि त्यातल्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दात्यांचा वेग जुळवून देणारी यंत्रणा) नाही. ओव्हरड्राइव्हही (बटणाने लागणारा, इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) नाही. नऊ महिन्यांपूर्वी तो बॉक्स काढून फोर्डचा टाइप ९ बसवला. सिएरा आणि कॅप्री या गाड्यांत यायचा तोच, पाच गिअरचा. त्यानंतर गाडी सहा हजार किलोमीटरच्या वर चालली आहे. आता खरं-खोटं सांगण्याइतका हात बसलाय.

बाबांचा या बदलाला विरोध होता. गाडी त्यांची. मला डबल क्लच त्यांनीच शिकवला : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी, परत क्लच दाबून गिअर. "ज्याला पहिला टाकता येत नाही त्याने ही गाडी चालवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला पहिला टाकता येत होता. माझी तक्रार वेगळी होती.

या गाडीत चौथ्या, म्हणजे टॉप गिअरला इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे ताशी साधारण २८.८ किलोमीटरचा वेग मिळायचा. म्हणजे ताशी १०० ला इंजिन ३,४७० फेऱ्यांवर. इंजिनाला ते झेपतं, पाच मेन बेअरिंगचं दणकट इंजिन आहे. झेपत नाही ते आपल्याला. तासाभराने शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, दोन तासांनी बोलणंच थांबतं, आणि हात सतत नसलेला पाचवा गिअर शोधत राहतो. टाइप ९ च्या पाचव्याचं गुणोत्तर ०.८२ आहे, म्हणजे बॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन ०.८२ वेळाच फिरतं. त्याच वेगाला आता फेऱ्यांचा काटा २,८५० च्या आसपास असतो. सहाशे फेऱ्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण गाडीत बसल्यावर कोणीतरी खोलीतला मिक्सर बंद केल्यासारखं वाटतं.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण हा बॉक्स बसवायचं किट विकणारे ती सांगत नाहीत. तुमच्या गाडीत ओव्हरड्राइव्ह असेल आणि तो चालू असेल, तर या भानगडीत पडू नका. माझ्या गाडीच्या काळातल्या एमजीबीला जो लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह मिळायचा, त्याचं गुणोत्तर ०.८०२. म्हणजे ताशी १०० ला २,७८० फेऱ्या, माझ्या पाचव्यापेक्षाही कमी. शिवाय तो तिसऱ्यालाही लागतो, नुसतं बटण दाबून. मी तो का नाही घेतला? कारण ओव्हरड्राइव्हच्या बॉक्सचा मेनशाफ्टच (आतला मुख्य दांडा) वेगळा असतो. आपल्या बॉक्सला मागून ओव्हरड्राइव्ह जोडता येत नाही, अख्खा बॉक्सच शोधावा लागतो. मला जे दोन दाखवले गेले, त्यातल्या एकात ओव्हरड्राइव्ह घसरत होता आणि दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

बसवण्याचं काम ओळखीच्या मेकॅनिककाकांबरोबर केलं. एमजीबीत गिअरबॉक्स नुसता खालून उतरत नाही, इंजिन उचलावंच लागतं. एका परीने ते बरंच, कारण इंजिन बाहेर आलं की क्लच, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील ही कामंही उरकून घेता येतात. किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं कवच), नवी क्लच प्लेट (फोर्डच्या शाफ्टचे दाते वेगळे, त्यामुळे जुनी प्लेट चालत नाही; प्रेशर प्लेट मात्र एमजीचीच), क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकात बसणारं बुश, बॉक्सला मागून आधार देणारा क्रॉसमेंबर आणि प्रॉपशाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) एवढं आलं. बुश बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा. सच्छिद्र ब्राँझचं असतं, तेल पिऊन घेतं आणि तेच त्याला आयुष्यभर पुरवायचं असतं.

बेलहाउसिंग बसवल्यावर काकांनी डायल गेज (केसभर फरकही दाखवणारं मापक) लावून ते क्रँकच्या मध्याशी जुळतंय का ते पाहिलं. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटला. आता वाटत नाही. इथे केसभर तिरपं राहिलं तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि ते बुश दोन्ही हळूहळू खाल्ली जातात, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा इंजिन उचला. बॉडीला कुठे कापावं लागलं नाही, पत्र्याला एका ठिकाणी हलकं ठोकावं लागलं तेवढंच. मला हे महत्त्वाचं होतं : उद्या कोणाला मूळ बॉक्स परत बसवायचा झाला, तर गाडीने आडवं येऊ नये.

पहिले दोन महिने मात्र मी पस्तावले होते.

ताशी ८५ ते ९५ च्या दरम्यान सीटच्या खालून एक थरथर यायची. त्याच्या खाली नाही, वर नाही, नेमका मला हवा तोच पट्टा. चाकं बॅलन्स केली. परत केली. टायर पुढचे मागे केले. प्रॉपशाफ्ट काढून बॅलन्सला दिला, तो ठीक निघाला. शेवटी काकांनी गाडी वर घेऊन कोनमापक लावला, तेव्हा गिअरबॉक्सचं शेपूट हवं त्यापेक्षा खाली बसलेलं दिसलं. प्रॉपशाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकता सांधा असतो. तो कोनात फिरतो तेव्हा पुढे जाणारी गती एकसारखी नसते, दर फेरीत दोनदा वाढते आणि दोनदा घटते. दुसऱ्या टोकाचा जॉइंट ही चढउतार पुसून टाकतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असले तरच. मागच्या माउंटिंगखाली ६ मिलिमीटरची पट्टी टाकली आणि थरथर गेली. दोन महिने मी चाकांना दोष देत होते! चूक आमचीच होती, बसवतानाच हा कोन मोजायला हवा होता.

स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागला. केबल फिरवणारे दाते नव्या बॉक्समध्ये वेगळे, त्यामुळे फोनवर ९१ दिसत असताना डायलवर १००. स्मिथ्सच्या डायलवर खाली बारीक आकडा असतो, ठरावीक अंतराला केबलच्या किती फेऱ्या ते सांगणारा. प्रत्यक्षात किती फेऱ्या येतायत ते मोजून मीटर जुळवून घेतला. तोवरचे किलोमीटर अर्थातच फुगलेले. वर म्हटलेले सहा हजार मी ते वजा करून सांगतेय.

आता चालवण्याबद्दल. पहिला गिअर चालत्या गाडीत पडतो. एवढंच वाक्य, पण ज्यांनी बिनसिंक्रोचा पहिला वापरलाय त्यांना त्याची किंमत कळेल. सिग्नलपाशी रेंगाळत, माणसाच्या चालीने पुढे सरकताना आधी दुसऱ्यातच इंजिन कण्हत न्यावं लागायचं, किंवा पूर्ण थांबावं लागायचं, किंवा डबल क्लच मारावा लागायचा आणि दहातला एक चुकला की सगळा रस्ता वळून बघायचा. ते संपलं. गर्दीत गाडी चालवणं हे आता कौशल्याचं काम राहिलेलं नाही आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

पण दुसऱ्या गिअरबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. माझ्या जुन्या बॉक्सची गुणोत्तरं ३.६४, २.२१, १.३७ आणि १. टाइप ९ ची ३.६५, १.९७, १.३७, १ आणि ०.८२. नीट पाहा : पहिला तोच, तिसरा तोच, चौथा तोच. बदललाय तो दुसरा, आणि वर एक पाचवा आलाय. जुन्या बॉक्सवर पहिल्यात ४,००० पर्यंत ओढून दुसरा टाकला की काटा २,४०० च्या थोडा वर पडायचा. आता तो २,१६० ला पडतो. सपाटीला काही कळत नाही. चढावरच्या आखूड वळणाला, दोघं जण आणि सामान असताना, दुसरा जरा रडका वाटतो आणि पहिला फार कर्कश. मधल्या मधे अडकल्यासारखं होतं. मी पहिले काही आठवडे प्रत्येक वेळी चुकीचाच निवडायचे. आता वळणाआधीच पहिला घेते, सिंक्रो आहे म्हणून जमतं. म्हणजे बॉक्सने एका हाताने काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने दिलं. जवळजवळची गुणोत्तरं घातलेले टाइप ९ ही मिळतात. बहुतेक प्रवास डोंगरातलाच असेल तर मी त्याच वाटेला गेले असते.

पाचव्याचीही एक शिस्त आहे. ६५ च्या खाली तो टाकू नका. तिथे इंजिन १,८५० वर येतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी विचार करत बसते. पेट्रोलची बचत होते, पण फेऱ्या अठरा टक्क्यांनी उतरल्या म्हणून पेट्रोल अठरा टक्क्यांनी वाचेल अशा भ्रमात राहू नका. उघड्या गाडीला वारा तेवढाच कापायचा असतो. माझ्या हिशेबाने लांबच्या प्रवासात लिटरमागे एखादा किलोमीटर जास्त मिळतो. पेट्रोलसाठी हा खर्च करायचा विचार असेल तर सोडून द्या.

आवाजाचं गणित गमतीचं झालंय. जुन्या पहिल्या गिअरची ती रडवेली शिट्टी गेली. तिच्या जागी न्यूट्रलमध्ये उभी असताना एक खळखळ आली, डब्यात दोन-चार नट हलवल्यासारखी. क्लच दाबला की थांबते. घाबरून विचारलं तर टाइप ९ वाल्यांनी खांदे उडवले, हा बॉक्स असाच बोलतो म्हणे. आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा किमान वेग) थोडं वाढवल्यावर बरीच कमी झाली.

तेलाबाबत मात्र लक्ष ठेवा. एमजीबीच्या मूळ बॉक्समध्ये इंजिन ऑइलच जातं, तेच २०डब्ल्यू-५०. वर्षानुवर्षांची सवय, त्यामुळे पहिल्या तपासणीत मी तोच डबा हातात घेतला होता. काकांनी वेळेत पाहिलं. टाइप ९ ला गिअर ऑइल लागतं. आम्ही ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ वापरतो (पहिला आकडा जाडीचा, दुसरा तेलाच्या दर्जाचा). जीएल-५ च्या नादी लागू नका, त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. पातळी कमी पडू देऊ नका. हजार किलोमीटरला पहिलं तेल बदललं तेव्हा त्यात पितळेची बारीक चमक होती, पाच हजारांना जवळपास नव्हती. मागच्या सीलमधून थोडं पाझरतं. गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर आठवड्याला रुपयाएवढा डाग पडतो. सील नवं घालायचं आहे, अजून मुहूर्त लागलेला नाही.

बाबांनी पहिले तीन महिने गाडीला हात लावला नाही. मग एकदा मला न सांगता किल्ली घेऊन गेले आणि दोन तासांनी आले. काही बोलले नाहीत. हल्ली चालवतात, पण अजूनही डबल क्लच मारतात, पाचव्यातून चौथ्यात येतानासुद्धा. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता गरज नाही त्याची." तर म्हणाले, "गिअरबॉक्सला नसेल, मला आहे."

जुना बॉक्स तेल भरून, तोंडं बंद करून लाकडी खोक्यात ठेवलाय. महिन्यातून एकदा त्याचा शाफ्ट हाताने फिरवायचा असतो. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतलं आहे.