मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं आत घेतली, काम चोख पण वेळ काढून जा

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली आहे. सोलापूर रोडला उरुळी कांचन सोडून यवतकडे निघालं की हायवेला लागूनच ट्रॅक्टर मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे, पाटीबिटी काही नाही, दारात दोन-चार ट्रॅक्टर खोललेले दिसले की तेच समजायचं.

आपला छोटा फोर व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टर आहे, मागे 8.3 चे (म्हणजे साधारण तेवढे इंच रुंद) टायर, आणि ऊस साडेचार फुटी सरीचा. मागची चाकं शोरूममधूनच बाहेरच्या सेटिंगला आलेली, टायरच्या बाहेरून बाहेर 48 इंच भरत होतं, म्हणजे 54 इंचाच्या पट्ट्यात दोन्हीकडं जेमतेम तीन-तीन इंच, आणि एकदा फुटवे पसरले की तेवढ्यात भागत नाही, टायर फुटवे दाबतच जातो. जिथून घेतला तिथं विचारलं तर म्हणे कंपनी फिटिंग आहे, हात लावू नका. अहो मग कंपनीनं रिम आणि मधली प्लेट वेगवेगळी, बोल्टावर कशाला दिलीय?

इथल्या मिस्त्रींनी पाना उचलायच्या आधी विचारलं, दादा सरी किती फुटी आणि रोटर (मागं जोडायचा रोटाव्हेटर) कितीचा? मला तिथंच बरं वाटलं. मग टेप काढला आणि डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत मोजलं, की मधोमध ते मधोमध माप आपोआप मिळतं, टायरचा मध्य शोधत बसायला नको. ते 40 इंच निघालं.

आता यातली गंमत अशी की मधली प्लेट सपाट नसते, ताटलीसारखी खोलगट असते, आणि रिमला आतून प्लेट बोल्टानं बसवायला जे कान वेल्ड केलेले असतात ते पण बरोबर मध्यावर नसतात, एका अंगाला असतात. त्यामुळं प्लेट उलटी करा, रिम कानाच्या दुसऱ्या बाजूनं बसवा, किंवा दोन्ही करा, दर वेळी वेगळी रुंदी मिळते. पण आख्खं चाक जागच्या जागी उलटं करून बसवलं तर टायरची नक्षी उलट्या दिशेला होते आणि चिखलात टायर नुसता फिरत राहतो. म्हणून आख्खं चाक पलटायचं असेल तर डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं टाकायचं. मागं उभं राहून बघितलं की नक्षीचं टोक वर पाहिजे, आणि टायरवर बाण असतोच. माझं काम रिमची बाजू बदलून झालं, चाकं आपापल्या बाजूलाच राहिली, बाहेरून बाहेर 44 इंच आलं. आता दोन्हीकडं पाच-पाच इंच मिळतात, बांधणीला (उसाला माती लावताना) ट्रॅक्टर आरामात सरीतून जातो. साडेतीन फुटी रोटरच्या बाहेर टायरची वळ उमटायची ती पण आता नावालाच राहिली.

कामाची पद्धत आवडली. पुढच्या चाकांना ठोकळे, गियर टाकून हँडब्रेक, रोटर आधीच सोडून बाजूला, आणि जॅक एक्सलखाली लावून शिवाय आधाराला लाकडी ठोकळा, नुसत्या जॅकवर काही सोडलं नाही. टायरमध्ये पाणी भरलेलं असलं की चाक भलतंच जड होतं, दोघं लागले तरी सांभाळून घेतलं, घरी एकट्यानं करायच्या भानगडीत पडू नका. चाक बसवल्यावर मडगार्ड आणि टायरच्या मधे बोटं घालून चौफेर फिरवून बघितलं, आणि लिंक (मागचे औजार उचलायचे दांडे) वर-खाली करून त्यांची साखळी टायरला घासते का तेही बघितलं, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

माझ्या आधी एकजण पुढची चाकं पण पलटून द्या म्हणून मागं लागला होता. त्याला सरळ नाही म्हणाले, फोर व्हीलला पुढं तसं केलं की बेअरिंगवर आणि सीलवर भलता लोड येतो, वळताना टायर कुठंतरी अडतो ते वेगळंच. टू व्हील ड्राईव्हला पुढचा एक्सल बोल्ट काढून सरकतो पण मग टाय रॉड (पुढची चाकं वळवणारा दांडा) आणि टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) परत सेट करावं लागतं. पुरंदरकडचा अंजिराच्या बागेवाला होता एक, जमीन उताराची, त्याला म्हणाले तुम्ही आहे तेच रुंद राहू द्या, आत घेतलं की गाडी लवकर कलंडते. गिऱ्हाईक आलंय म्हणून उगाच काम काढत नाहीत हे महत्त्वाचं.

आता स्टार कापल्याचं कारण. नट लांब पाइप लावून आवळले, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) नाही. समोरासमोरचे नट एकाआड एक आवळले हे बरोबर केलं, पण जोर अंदाजानं. पहिले काही तास चालवून परत आवळा असं बजावून सांगितलं होतं, मी आवळले तर दोन-तीन नट खरंच थोडे फिरले. हे प्रत्येकानं करायचंच, नाहीतर भोकं मोठी होतात आणि प्लेटच जाते.

शिवाय फोन करून गेलो तरी बराच वेळ नंबर लागला नाही, सावलीला बसायला जागा नाही, चहा हायवे ओलांडून. मजुरी 1200 घेतली, मला जास्त नाही वाटली, पण बिल मागितलं तर कागदावर आकडा लिहून देतात. ऑनलाईन पैसे चालतात. बांधणीच्या सीझनला जाऊच नका, आधीच उरकून घ्या.