प्लॅन 150 चा, नेट 94 वर अडकलेलं: मोडेम बदलल्यानंतरचे काही महिने (लातूर)

लातुरात आता गल्लोगल्ली फायबर पोचलंय. केबलवाल्याने दिलेला पांढरा डबा घरोघरी भिंतीला लटकतोय आणि तक्रारही सगळीकडे एकच: पैसे वाढवले, स्पीड काही वाढला नाही. आमच्याकडेही तेच चाललं होतं (इथले स्पीडचे आकडे एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला मेगाबिट). नवीन काही घ्यायच्या आधी त्या डब्याच्या मागचं लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची खाच) किती क्षमतेचं आहे ते बघा, हे पहिलं सांगणं.

आमचा जुना ओएनयू, म्हणजे ज्यात फायबरची तार शिरते तो डबा, एकाच बँडचा होता. फक्त 2.4 गिगाहर्ट्झ, आणि मागचं पोर्ट 10/100 चं. लॅपटॉपला थेट वायर लावून स्पीड टेस्ट केली की आकडा 94 च्या पुढे सरकत नसे, भल्या पहाटे करा नाहीतर रात्री बाराला. असा ठरावीक 94 दिसला की लाइनला दोष देऊ नका, बहुतेक वेळा पोर्टच 100 चं असतं. जीपीओएन लाइनची (एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट द्यायची पद्धत) डाउनलोडची क्षमता सुमारे 2.5 गिगाबिट असते. ती बऱ्याच घरांत वाटली जाते हे खरं, पण 150 साठी ती सहसा कमी पडत नाही.

वाय-फायची गत त्याहून वाईट. हॉलमध्ये 35-40, मागच्या खोलीत 8-10. आमच्या भागात कोचिंगच्या पोरांच्या रूम खच्चून भरलेल्या. मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली की खाली सरकवता सरकवता अंगठा दुखतो. त्यात 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. पोरीची नीटची सराव परीक्षा ऑनलाइन चालू असताना पान गोल गोल फिरत बसायचं.

इथे बरेच जण वाय-फाय 6 चा महागडा राउटर आणतात आणि त्याच 100 च्या पोर्टला जोडतात. राउटर कितीही भारी असला तरी त्याला मागून शंभरच मिळणार. म्हणून आधी ओएनयू बदलून घेतला: साधा, एका गिगाबिट पोर्टचा, वाय-फाय नसलेला. तो ब्रिज मोडवर ठेवला (म्हणजे तो नेट नुसतं पुढे सोडतो, बाकी काम राउटरचं) आणि पुढे वेगळा एएक्स1500 वर्गातला, म्हणजे वाय-फाय 6 चाच, राउटर लावला. 1500 हा आकडा दोन बँडची बेरीज आहे (1201 आणि 300), एका मोबाइलला तेवढं कधीच मिळत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या वर्गातल्या कुठल्याही राउटरला बहुतेक सगळं लागू पडावं.

ओएनयू बाहेरून ऑनलाइन मागवायचा विचार होता. लाइनवाला पोरगा म्हणाला, "काका, तसला आणू नका. आमच्या ओएलटीवर चढंना गेला की लोकं आम्हालाच बोलायलेत." त्याचं बरोबर आहे. ओएनयूचा नंबर ओएलटीवर, म्हणजे ऑपरेटरकडच्या मुख्य यंत्रावर, नोंदवावा लागतो, तोवर डब्यातला दिवा नुसता लुकलुकत राहतो. राउटर मात्र तुमच्या पसंतीचा घ्या.

बसवताना त्याच्याकडून एक काम करून घेतलं. ओएनयूच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे तारेतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते, ती उणे 27 डीबीएम होती (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). बहुतेक ओएनयू तेवढ्यावर कसेबसे तग धरतात. पाऊस-वाऱ्यात तार हलली की लाल एलओएस (सिग्नल तुटल्याचा दिवा) लागलाच. कपाटामागे तार काटकोनात मुडपलेली निघाली. तो भाग कापून नवा जोड मारला, हिरवं कनेक्टर पुसलं, आकडा उणे 21 वर आला. दिवाणखान्यात शोभेसाठी तार कोपऱ्यात दाबणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता हॉलमध्ये 5 गिगाहर्ट्झवर 140 च्या वर मिळतं. मागच्या खोलीत 70-80. वरच्या मजल्यावर मात्र निराशा: स्लॅब ओलांडताना 5 गिगाहर्ट्झ जवळजवळ मरतं. शेवटी कॅट 6 ची लॅन वायर वर नेली आणि घरात पडून असलेला जुना राउटर डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद करून तिथे लावला. सिग्नल वाढवणाऱ्या रिपीटरपेक्षा ही वायर कितीतरी भरवशाची.

राउटरने सुरुवातीला दोन्ही बँडना एकच नाव दिलं होतं. सीसीटीव्हीचा कॅमेरा फक्त 2.4 वाला, तो काही केल्या जोडेना. बँडची नावं वेगळी केली, 2.4 वर पासवर्डच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए3 ऐवजी जुनी डब्ल्यूपीए2 ठेवली, लगेच जुळला.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. घरगुती राउटर साधारण 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे दुपारी बाहेरच पारा त्याच्या वर. शोकेसच्या काचेआड ठेवलेला राउटर हात लावू देईना, दुपारी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. भिंतीवर मोकळ्या जागी टांगल्यापासून तो प्रकार बंद आहे.

लोडशेडिंगसाठी 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला. सगळ्या खर्चात समाधान याचंच जास्त, वाय-फाय 6 चं नव्हे. ओएनयू आणि राउटर दोन्ही त्याच्यावर आहेत, त्यामुळे खोक्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्माच बॅकअप धरा. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर बेरीज करून बघा. अवकाळीत विजा चमकायला लागल्या की मी तरीही प्लग काढतो: काचेच्या फायबरमधून वीज येत नसली तरी ड्रॉप केबलला (खांबावरून घरात येणाऱ्या तारेला) बऱ्याचदा आधाराची पोलादी तार असते, आणि अडॅप्टर तर थेट मीटरच्या लाइनवर.

दोन खोल्यांचं घर आणि 100 पर्यंतचा प्लॅन असेल तर एवढा खटाटोप नको. ऑपरेटरकडे ड्युअल बँडचा ओएनयू मागा, बरेच जण डिपॉझिटवर देतात. पावती मात्र घेऊन ठेवा.