वापशाचे आठ रविवार: एफजी घ्यावेत की टर्फ शूज?

गेल्या दोन वर्षांत फुटबॉलच्या बुटांचे दोन्ही जोड मी झिजवलेत. एक एफजी, म्हणजे फर्म ग्राउंड, तळाला कडक लांब स्टड म्हणजे खुंट्या असलेला. दुसरा टर्फचा, तळाला कापसाच्या बोंडांसारख्या बारीक रबरी गोळ्या असलेला. वजन किती, कातडं कुठलं, हे दुकानदार न विचारता सांगतो. माती कुठली, हे तो विचारत नाही.

मी भुसावळ-जळगाव पट्ट्यात रविवारी सकाळी सहाला खेळतो. उजवा बॅक, वय चाळिशीला टेकलेलं. आमचं मैदान म्हणजे खाली काळी माती आणि वर कधीकाळी पसरलेला मुरूम. गवत गोलपोस्टच्या मागे, तेही शेळ्यांनी ठेवलं तर.

एफजी मुळात गवताच्या घट्ट मैदानासाठी बनतात. स्टड थोडा रुततो, पाय धरतो आणि वळलात की सोडतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांना वापसा लागतो. पेरणीला लागतो तसाच. ओल असावी, पण चिकटू नये. आमच्याकडे अशी जमीन मिळते पोळ्याच्या आसपास, पावसाने उघडीप दिली की चार-सहा दिवस. वर्षभरातले असे रविवार मी बोटांवर मोजले, आठ भरले. त्या आठ रविवारी मात्र एफजीला तोड नाही, हे मान्य करतो. विंगरच्या मागे अर्ध्या वळणावर थांबून परत निघायचं, तर टर्फ शूज थोडे घसरतात, एफजी खिळल्यासारखे उभे राहतात. बॉलही पायाला जास्त कळतो, कारण टर्फ शूजच्या तळाला जाड फोम असतो. अंगठ्याच्या बाजूने हलकी पास द्यायची तर तो फोम मध्ये येतो.

उरलेले रविवार? होळीनंतर जमीन भाजून निघते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर विचारूच नका. स्टड आत जातच नाही. खडावा घालून फरशीवर पळावं तसं होतं, टकटक आवाजासकट. काळी माती सुकली की आकसते आणि तिला भेगा पडतात. त्यात लांब स्टड अडकला तर गुडघ्याचं काय होईल या धास्तीने मी भेगा बघत पळायचो, बॉल नाही.

पण मी एफजी सोडले ते भेगांमुळे नाही. सोडले ते पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या दोन स्टडमुळे. जमीन स्टडला आत घेत नाही, म्हणजे तुमचं सगळं वजन त्या टोकांवर. पहिली वीस मिनिटं काही नाही. मग वाटतं, मोज्यात खडा गेलाय. मी दोनदा मैदानाबाहेर बसून बूट काढला, उलटा करून झटकला, मोजा चाचपला. खडा नव्हताच. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा आमचा गोलकीपर लांबूनच ओरडला, "काय व्हयनं भाऊ, काटा भरना का?" दुसऱ्या हाफला मी टाचेवर चालत होतो. सोमवारी सकाळी मोटरसायकलची किक मारताना डोळ्यांपुढे काजवे. किक तळव्याच्या नेमक्या त्याच जागी बसते ना. जाड इनसोल घालून पाहिला, तर बूट घट्ट झाला आणि नख काळं पडलं. माझा पाय रुंद आहे, हेही खरं. अरुंद पायाच्या आणि साठ किलोच्या पोराला कदाचित एवढं जाणवणार नाही.

टर्फ शूज घातले त्या रविवारी आधी काहीच वेगळं वाटलं नाही. घरी आल्यावर लक्षात आलं की आज खाली बसून बूट झटकला नाही.

आता पाऊस. १९५४ च्या वर्ल्ड कप फायनलला बर्नमध्ये पाऊस लागला, पश्चिम जर्मनीच्या बुटांना लांब स्टड पिळून बसवले होते आणि हंगेरी ३-२ हरली. ही गोष्ट डोक्यात ठेवून मी एका जूनमध्ये एफजी बाहेर काढले. पण ते गवत होतं हो. आपली काळी भिजली की तिचा गारा होतो आणि गारा कुणाला सोडत नाही. दहा मिनिटांत दोन्ही पायांना भाकरीच्या पिठाएवढे गोळे. टर्फ शूजचं तर याहून वाईट, गोळ्यांमधली फट भरली की तळ सपाट पाटा होतो. मी कॉर्नर फ्लॅगपर्यंत बसून घसरत गेलोय. एफजी निदान खुरप्याने दोन मिनिटांत साफ होतात, टर्फ शूजना काडी घेऊन बसावं लागतं. तेव्हा चिखलात एफजी उजवे, असं म्हणू. पण चिखलात आम्ही खेळतो कितीसं? निम्मे लोक शेतावर असतात.

अजून एक. आता गावोगावी जाळी लावलेली, नकली गवताची भाड्याची टर्फं झालीत, रात्री दिव्याखाली. अशा एका ठिकाणी एफजी बघून मला फाटकावरच थांबवलं आणि मी अनवाणी गोलकीपिंग केली. वापसा असो नसो, टर्फ शूज तिथे चालतात.

पुण्या-मुंबईकडे गवताच्या मैदानावर स्पर्धा खेळायला जाणार असाल, तर माझं ऐकू नका, एफजी घ्या. माझा सतरा वर्षांचा भाचा तेच वापरतो आणि मला हसतो. पण रविवारचा गडी असाल, एकच जोड घ्यायचा असेल आणि मैदान आमच्यासारखं असेल, तर मी टर्फकडे झुकेन. घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, आणि खेळायचे जाड मोजे सोबत न्या. माझे एफजी खुंटीला आहेत. पोळ्याला काढतो.