इंजिन नवीन बांधलं तरी गाडी ओढत नाही : रनिंग होऊ द्यायचं, परत खोलायचं की आधी मोजायचं?

इंजिनकाम करून गाडी घरी आणायची, हौसेने सगळ्यांना चक्कर मारून आणायची आणि पहिल्याच घाटात गाडीने दम टाकायचा, तेव्हा जीव कसा होतो ते मला चांगलं माहितीये. मग दोनच सल्ले कानावर येतात, एक म्हणजे "रिंगा बसू देत, हजार किलोमीटर चालवा, होईल मोकळं" आणि दुसरा "काम चुकलंय, परत खोला". मी दोन्ही ऐकून झालोय. खाली जे लिहितोय ते मारुती ८०० च्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ७९६ सीसी, तीन सिलेंडर इंजिनवरून, कारण माझा हात त्याच्यावरच बसलाय, पण जुन्या पेट्रोल गाड्यांना बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी रनिंगचं, म्हणजे चालवून रिंगा बसू देण्याचं बघू. या सल्ल्यात तथ्य आहे. नवीन रिंगा (पिस्टनवरची कडी) आणि होनिंग केलेला बोअर (बारीक खरवडलेली सिलेंडरची आतली भिंत) एकमेकांना घासून बसायला काहीशे किलोमीटर लागतातच, तोवर कंप्रेशन (सिलेंडरमध्ये पिस्टनने तयार होणारा दाब) थोडं कमी, ऑइल थोडं जास्त खाणार, इंजिन जरा जड वाटणार. पण हे तिन्ही सिलेंडरला साधारण सारखं असतं आणि दर शंभर किलोमीटरला थोडा फरक पडलेला जाणवतो. गाडी मिसिंग करतेय (एखादा सिलेंडर मधेच पेटत नाही), कार्ब्युरेटरमधून फटके मारतेय, गार असताना छान आणि गरम झाली की मेली, असं असेल तर ते रनिंगने जात नाही, उलट नुकसान वाढतं. आणि दारात तासभर आयडलला चालू ठेवून रिंगा बसत नाहीत हो, त्याला लोड लागतो, तिसऱ्या गिअरला मध्यम दाब द्यायचा, मग पाय सोडून गाडी गिअरवरच हळू होऊ द्यायची, असं पुन्हा पुन्हा.

परत खोलणं सगळ्यात महाग. हेड उतरवलं की हेड गॅस्केट फेकायचं, ते दुसऱ्यांदा वापरत नाहीत, शिवाय टायमिंग बेल्ट, कूलंट, मजुरी, चार दिवस गाडी उभी. आणि मोठी अडचण ही की नेमकं काय शोधायचंय ते माहीत नसताना खोललं तर तीच चूक तशीच परत बांधली जाऊ शकते. तरी काही वेळा दुसरा रस्ताच नसतो. खालून ठोक्याचा आवाज येतोय, ऑइल प्रेशरचा दिवा जात नाही, ऑइल दुधासारखं झालंय, यातलं एक जरी असेल तर गाडी तिथेच बंद करा, टो करून न्या, "जरा गॅरेजपर्यंत नेतो" पण नको.

उरलेल्या सगळ्या केसेसमध्ये माझं मत पक्कं आहे, आधी मोजा. मोजायच्याही आधी फुकटच्या गोष्टी बघून घ्या. घरातल्या कुणालातरी ॲक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगा (इंजिन बंद ठेवून) आणि कार्ब्युरेटरमध्ये डोकावून थ्रॉटल पूर्ण उघडतोय का ते बघा, केबल ढिली राहिली की निम्मा पिकअप तिथेच जातो. प्लगच्या वायरी सिलेंडर पेटण्याच्या १-३-२ क्रमाने आहेत का, कुठली व्हॅक्यूमची नळी लोंबतेय का, डिस्ट्रिब्युटर परत बसवताना फिरलाय का, ते टायमिंग लाइट लावून बघायचं.

मग तीन साधनं. व्हॅक्यूम गेज सगळ्यात सोपा, मॅनिफोल्डला नळी जोडली की झालं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, पण उंचीवर दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतं, म्हणजे पुण्यात दोनेक इंच कमी आले तर घाबरू नका. काटा स्थिर पण थोडा खाली असेल तर इग्निशन टायमिंग मागे, एकदमच खाली असेल तर हवा गळतेय किंवा बेल्टचा दात चुकलाय, ठराविक लयीत झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. कंप्रेशन गेज थोडी जास्त मेहनत मागतो, इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज, यातलं एक चुकलं तरी आकडा खोटा. लीकडाउन टेस्ट सगळ्यात नेमकी, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा, सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. पण तिला कंप्रेसर लागतो, म्हणून घरी करणाऱ्याने एकच विकत घ्यायचं तर कंप्रेशन गेज घ्या.

माझंच सांगतो. खंबाटकीत गाडी दुसऱ्या गिअरवर आली, एक जण म्हणाला रनिंग, दुसरा म्हणाला खोला. गरम इंजिनवर कंप्रेशन मोजलं तर १६०, १५५ आणि तिसऱ्याला ११० पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, आकडा हलला नाही, म्हणजे रिंगा ठीक, गळती वर. रात्रभर गार होऊ दिलं, सकाळी टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढलं, तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गॅपमध्ये फीलर गेजची (गॅप मोजायच्या पट्ट्यांची) सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा आत जाईना. लॅपिंग करताना (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवताना) व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खोल बसतो, दांडी तेवढी वर येते आणि गॅप संपतो, गरम झाल्यावर दांडी अजून लांबते आणि व्हॉल्व्ह नीट मिटतच नाही. असाच चालवला असता तर तो जळाला असता. मॅन्युअलमधल्या मापाने गॅप केला, गरम करून मोजलं, १५०. हेडला हात लावावा लागला नाही.

म्हणजे तुमचे तिन्ही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आणि थोडेच कमी असतील तर निवांत रनिंग करा, हजार किलोमीटरला टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) आणि कंप्रेशन परत बघा. एकच कमी असेल तर ऑइलची टेस्ट आणि टॅपेट आधी. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट, तिथे हेड उतरवावंच लागेल. तिन्ही एकसारखे खूपच खाली असतील तर हेड उतरवू देऊ नका, बेल्टच्या खुणा जुळतात का ते कव्हर काढून स्वतः उभं राहून बघा. आणि आकडे तारीख टाकून वहीत लिहा, तीच वही घेऊन ज्याने इंजिन बांधलं त्याच्याकडे जा.